सोनाटा रूपबंध : रचना, सिद्धांत आणि अर्थनिर्णयन यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

पाश्चात्य अभिजात वाद्यसंगीताच्या अभ्यासात 'सोनाटा रूपबंध' ही संकल्पना मध्यवर्ती मानली जाते. हायडन, मोझार्ट आणि बीथोव्हेन यांच्या सिम्फनी, चतुर्वाद्य रचना व पियानो सोनाटा यांचे विश्लेषण प्रायः याच संकल्पनेच्या आधारे केले जाते. तथापि या रूपबंधाचे आज परिचित असलेले सैद्धांतिक वर्णन मुख्यतः १८२० ते १८५० या काळात, म्हणजे हायडन व मोझार्ट यांच्या मृत्यूनंतर, सिद्ध झाले. प्रत्यक्ष रचना आधी आणि तिचा नियम नंतर, या कालक्रमाचा विश्लेषणावर व अर्थनिर्णयनावर कोणता परिणाम झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. बीथोव्हेनच्या तिसऱ्या सिम्फनीचा पहिला खंड हे त्यासाठी प्रमुख उदाहरण म्हणून निवडले आहे.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात अनेक संज्ञा उत्तरकालीन असतात. युरोपातील 'मध्ययुग' जगलेल्या माणसांना आपण मध्ययुगात आहोत याची कल्पना नव्हती. 'सरंजामशाही' ही व्यवस्थावाचक संज्ञाही नंतरच्या अभ्यासकांनी रूढ केली. अशा संज्ञा अभ्यासास उपयुक्त असतात, परंतु त्या मूळ काळाच्या आकलनावर आपले संस्कारही करीत असतात. राजकीय व सामाजिक इतिहासाच्या संदर्भात ही जाणीव आता सर्वमान्य आहे. कलांच्या इतिहासात, विशेषतः संगीताच्या इतिहासात, तिचा विचार तुलनेने उशिरा झाला. सोनाटा रूपबंध हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२. रूपबंधाचे सर्वसाधारण स्वरूप

'सोनाटा' या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ 'वाजवलेले' असा आहे. गायिलेल्या 'कॅन्टाटा'पासून वेगळेपण दाखविण्यासाठी तो वापरात आला. येथे मात्र एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'सोनाटा' हे अनेक खंडांच्या वाद्यरचनेचे नाव आहे, तर 'सोनाटा रूपबंध' ही अशा रचनेतील एखाद्या खंडाची, बहुधा पहिल्या जलद खंडाची, अंतर्गत बांधणी आहे. सिम्फनी व चतुर्वाद्य रचना यांच्या पहिल्या खंडातही हीच बांधणी आढळते.

पाठ्यपुस्तकांतील वर्णनानुसार या खंडाचे तीन विभाग असतात. पहिल्या विभागात, ज्याला 'एक्स्पोझिशन' किंवा मांडणी म्हणतात, मुख्य स्वरवाक्य मूळ पट्टीत येते. त्यानंतर एका दुव्याद्वारे संगीत दुसऱ्या पट्टीत जाते व तेथे दुसरे, सहसा सौम्य प्रकृतीचे स्वरवाक्य अवतरते. दुसऱ्या विभागात, म्हणजे 'डेव्हलपमेंट' किंवा विस्तारात, ही सामग्री विविध पट्ट्यांतून फिरते, खंडित होते व नव्याने जुळते. तिसऱ्या विभागात, म्हणजे 'रीकॅपिट्युलेशन' किंवा पुनर्मांडणीत, दोन्ही स्वरवाक्ये मूळ पट्टीत परततात. अखेरीस 'कोडा' हा उपसंहार असू शकतो.

भारतीय रागसंगीताच्या जाणकारास येथे एक फरक ध्यानी घ्यावा लागतो. रागगायनात षड्ज एकदा स्थिर झाला की मैफलीतील त्या रागाच्या संपूर्ण मांडणीत तो अचल राहतो; सारे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्यातून अर्थ मिळवतात. सोनाटा रूपबंधात षड्जच आपले स्थान सोडतो. मूळ षड्जापासून निघालेले संगीत पंचमाला नवा षड्ज मानून तेथे वस्ती करते, आणि हे स्थलांतर ऐकणाऱ्याच्या मनात एक अपुरेपण निर्माण करते. मूळ षड्जाकडे परत येणे हे त्या अपुरेपणाचे शमन होय. स्वरवाक्ये किती व कशी हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु या रूपबंधाचा कणा म्हणजे पट्टीचे हे जाणे आणि परतणे.

३. अठराव्या शतकातील रचना व समकालीन वर्णन

१७५० नंतरच्या काही दशकांत ही बांधणी मिलान, मानहाइम, बर्लिन, व्हिएन्ना अशा अनेक केंद्रांत घडत गेली. तिचा एक कोणी जनक नाही. नृत्यरचनांमध्ये पूर्वीपासून रूढ असलेला द्विभाग आकार, ऑपेराच्या आरंभी वाजविल्या जाणाऱ्या सिम्फनी आणि एकल गीतांची बांधणी यांतून ती हळूहळू सिद्ध झाली. दरबारी वाद्यवृंदांच्या जोडीने सार्वजनिक मैफली वाढत होत्या, छापील स्वरलिपी विकत घेणारा हौशी वर्ग तयार होत होता. शब्दांचा आधार नसलेले, तरीही दीर्घकाळ श्रोत्याचे लक्ष धरून ठेवणारे संगीत ही या काळाची गरज होती. सोनाटा रूपबंधाने ती गरज भागवली.

समकालीनांनी या बांधणीचे वर्णन कसे केले, हे पाहणे उद्बोधक ठरते. रुडोलश्टाट येथील दरबारी वादक हाइनरिख क्रिस्टोफ कॉख याने संगीतरचनेवरील आपला ग्रंथ १७८२ ते १७९३ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केला. १७९३ च्या तिसऱ्या भागात सिम्फनीच्या पहिल्या जलद खंडाचे वर्णन येते. कॉखच्या मते या खंडाचे विभाग तीन नसून दोन आहेत. पहिल्या विभागात एक मुख्य 'वाक्यखंड' असतो व तो दुय्यम पट्टीत संपतो. दुसऱ्या विभागात दोन मुख्य वाक्यखंड असतात, त्यांपैकी पहिला विविध पट्ट्यांतून फिरतो व दुसरा मूळ पट्टीत परततो. पहिल्या विभागात पंचमाच्या पट्टीत आलेला मजकूर आता मूळ पट्टीत पुन्हा येतो, हेही कॉखने नोंदविले आहे.

कॉखची परिभाषा व्याकरणाची आहे. संगीत हे त्याच्या दृष्टीने भाषण असून वाक्य कोठे थांबते, अर्धविराम कोठे, पूर्णविराम कोठे, हा त्याच्या विवेचनाचा विषय आहे. दोन परस्परविरोधी स्वरवाक्यांचा संघर्ष ही कल्पना त्याच्या चौकटीचा पाया नाही. मात्र याच काळातील इटालियन लेखक फ्रान्चेस्को गालेआत्सी याने १७९६ च्या ग्रंथात पहिल्या विभागाच्या मध्यावर येणाऱ्या, वेगळ्या व मधुर प्रकृतीच्या एका ठळक स्वरवाक्याचा उल्लेख केला आहे. म्हणजे स्वरवाक्यांतील विरोध अठराव्या शतकास अज्ञात नव्हता; परंतु तो ऐच्छिक सौंदर्याचा भाग होता, रूपबंधाची अट नव्हती.

४. सिद्धांताची घडण

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात परिस्थिती बदलली. संगीताचे शिक्षण दरबार व चर्च यांच्याकडून संस्थांकडे आले. पॅरिसचे संगीत विद्यालय १७९५ मध्ये, तर लाइपझिगचे १८४३ मध्ये स्थापन झाले. वर्गात शिकविण्यासाठी सुस्पष्ट आणि परीक्षेस सोयीचे नियम लागतात. पॅरिसमधील अध्यापक आंटोन राइखा याने १८२४ ते १८२६ दरम्यान प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बांधणीचे सविस्तर विवेचन केले. तोही तिला मूलतः द्विभागच मानतो, मात्र स्वरवाक्यांना तो कॉखपेक्षा अधिक महत्त्व देतो.

निर्णायक मांडणी केली ती बर्लिन विद्यापीठातील प्राध्यापक आडोल्फ बेर्नहार्ड मार्क्स याने. संगीतरचनेवरील त्याच्या चार भागांच्या ग्रंथाचा तिसरा भाग १८४५ मध्ये निघाला. 'सोनाटा रूपबंध' ही संज्ञा प्रस्थापित करण्याचे श्रेय त्याच्याकडेच जाते. त्याने हा रूपबंध त्रिभाग मानला आणि त्याचे केंद्र पट्टीकडून स्वरवाक्यांकडे नेले. मुख्य स्वरवाक्य निश्चयी व ऊर्जायुक्त, तर दुसरे अधिक मृदू व लवचीक. पहिले जणू पुरुषप्रकृतीचे, दुसरे स्त्रीप्रकृतीचे, असे त्याने सुचविले. बीथोव्हेनचा शिष्य कार्ल चेर्नी याचा रचनाविषयक ग्रंथ १८४८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला व त्यातून हेच वर्णन अधिक काटेकोर रूपात प्रसृत झाले.

येथे मार्क्सवर अन्याय होता कामा नये. रूपबंध म्हणजे रिकामा साचा, ही कल्पना त्यास मान्य नव्हती. जर्मन चिद्वादी तत्त्वज्ञानाच्या वातावरणात वाढलेल्या या विचारवंतास संगीत ही विकसनशील चैतन्याची अभिव्यक्ती वाटत होती आणि बीथोव्हेन हा त्या विकासाचा कळस. त्याचे विवेचन साचेबद्ध झाले ते पुढील पाठ्यपुस्तकांत. परंतु हायडनकडे बीथोव्हेनच्या चष्म्यातून पाहण्याची सवय मात्र त्याच्यापासूनच रुजली.

५. नियम आणि अपवाद

हा चष्मा किती फसवा ठरू शकतो, हे काही रचनांवरून स्पष्ट होते. हायडनची अखेरची, डी मेजरमधील १०४ वी सिम्फनी १७९५ ची आहे. तिच्या पहिल्या खंडात पंचमाच्या पट्टीत पोहोचल्यावर नवे स्वरवाक्य येत नाही. आरंभीचेच स्वरवाक्य तेथे पुन्हा येते. पाठ्यपुस्तकी नियमानुसार येथे 'दुसरा विषय' गैरहजर आहे. हायडनच्या अनेक रचनांत असेच घडते, आणि त्यामुळे एकेकाळी या रचनांना नियमापासून ढळलेल्या किंवा अपरिपक्व मानण्याची प्रवृत्ती होती. कॉखच्या वर्णनाशी ताडून पाहिल्यास येथे काहीही ढळलेले नाही. पट्टी बदलली, पूर्णविराम योग्य ठिकाणी पडला, एवढे पुरेसे आहे. किंबहुना तेच स्वरवाक्य ठेवल्याने पट्टीतील बदल अधिक स्पष्टपणे जाणवतो.

मोझार्टने १७८८ मध्ये नवशिक्यांसाठी लिहिलेला सी मेजरमधील पियानो सोनाटा, कोशेल क्रमांक ५४५, आजही प्राथमिक विद्यार्थ्यांस शिकविला जातो. त्याच्या पहिल्या खंडातील पुनर्मांडणी मूळ पट्टीत सुरू न होता मध्यमाच्या पट्टीत सुरू होते. नमुन्यादाखल दिली जाणारी रचनाच नमुन्यात बसत नाही, ही विसंगती बोलकी आहे.

बीथोव्हेनच्या 'वाल्डश्टाइन' सोनाटात (१८०३–०४) दुसरे स्वरवाक्य पंचमाऐवजी शुद्ध गांधाराच्या पट्टीत येते. येथे मात्र प्रश्न वेगळा आहे. श्रोत्याची अपेक्षा पंचमाची आहे, हे रचनाकारास पक्के ठाऊक आहे आणि ती अपेक्षा तो जाणीवपूर्वक मोडतो. हायडनच्या बाबतीत नियम नंतरचा असल्याने अपवाद केवळ आभासी ठरतो. बीथोव्हेनच्या बाबतीत संकेत समकालीन असल्याने त्याचा भंग अर्थपूर्ण ठरतो. हा भेद करणे हेच ऐतिहासिक विश्लेषणाचे काम होय.

६. 'एरोइका' : विश्लेषण व अर्थनिर्णयन

ई फ्लॅट मेजरमधील तिसरी सिम्फनी मुख्यतः १८०३ मध्ये रचली गेली व तिचा पहिला जाहीर प्रयोग ७ एप्रिल १८०५ रोजी व्हिएन्नात झाला. तिचे नेपोलियनशी असलेले नाते सर्वज्ञात आहे. जतन झालेल्या हस्तलिखित प्रतीच्या मुखपृष्ठावर बोनापार्टचे नाव खोडल्याच्या खुणा आहेत. पहिला खंड ६९१ बारांचा, म्हणजे त्या काळाच्या मानाने असाधारण दीर्घ आहे.

आरंभीच्या दोन स्वरमेळांनंतर चेलोवर मुख्य स्वरवाक्य येते. ते मूळ स्वरमेळाचेच स्वर उलगडत जाते, आणि सातव्या बारात अनपेक्षितपणे एका परक्या स्वरावर उतरते. मूळ पट्टीच्या हिशेबाने हा कोमल निषाद होय. तो लगेच वर शुद्ध निषादाकडे सरकतो व क्षणिक शंका मिटते. सुमारे ४०० बारांनंतर पुनर्मांडणीत तोच स्वर पुन्हा येतो. परंतु या वेळी तो वर न जाता खाली धैवताकडे उतरतो. त्यामुळे ऋषभाच्या पट्टीचे दार उघडते आणि हॉर्न तेथे मुख्य स्वरवाक्य वाजवितो. आरंभी पेरलेल्या एका स्वराचा अर्थ असा उत्तरार्धात बदलतो. 'पुनर्मांडणी म्हणजे मांडणीची पुनरुक्ती' या व्याख्येने ही घटना दिसणारही नाही.

विस्ताराच्या विभागात २८४ व्या बाराच्या सुमारास ई मायनरमध्ये एक नवेच स्वरवाक्य अवतरते. ही पट्टी कोमल ऋषभाची, म्हणजे स्वराने मूळ पट्टीला लागून असलेली, परंतु नात्याने अतिशय दूरची आहे. विस्तारात मांडणीतील सामग्रीच वापरावी, या शालेय नियमाने पाहता हे स्वरवाक्य समस्या ठरते. दीर्घकाळ अभ्यासकांनी ती दोन प्रकारे सोडविण्याचा प्रयत्न केला. काहींनी हे स्वरवाक्य नवे नसून आधीच्या सामग्रीतूनच निघाले आहे, असे सिद्ध करू पाहिले. इतरांनी त्यास कथा जोडली. दोन्ही उत्तरांमागे नियम मोडल्याचे स्पष्टीकरण देण्याची निकड आहे. हे स्वरवाक्य पुढे कोडामध्ये परत येते, याकडे पाहिल्यास वेगळे आकलन शक्य होते. ५५७ व्या बारापासून अखेरपर्यंत पसरलेला हा कोडा १३५ बारांचा आहे. विस्तारात ज्याला परकेपणाने सोडून दिले, त्यास अखेरीस घराजवळ आणणे, हे त्याच्या कार्यांपैकी एक आहे. म्हणूनच येथे उपसंहारास एका पूर्ण विभागाचे वजन लाभते.

पुनर्मांडणीच्या तोंडाशी आणखी एक प्रसंग आहे. व्हायोलिन अद्याप पंचमाच्या स्वरमेळात थरथरत असताना हॉर्न चार बार आधीच मूळ पट्टीतील मुख्य स्वरवाक्य सुरू करतो. बीथोव्हेनचा शिष्य फेर्डिनांड रीस याने १८३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंदविले आहे की, तालमीच्या वेळी वादक चुकला असे समजून त्याने तसे बोलून दाखविले व गुरूचा रोष ओढवून घेतला. या आठवणीचे ऐतिहासिक मूल्य मोठे आहे. परतीचा क्षण नेमका कोणता, याविषयी समकालीन जाणकार कानाची अपेक्षा किती निश्चित होती, याचा तो पुरावा आहे. अपेक्षा नसती तर चूकही भासली नसती.

सिद्धांताचा परिणाम केवळ ग्रंथांपुरता राहिला नाही, तो प्रत्यक्ष वादनापर्यंत पोहोचला. मांडणीची पुनरावृत्ती करावी असे चिन्ह स्वरलिपीत आहे. बीथोव्हेनच्या भावाने १८०५ मध्ये प्रकाशकास कळविले होते की, पुनरावृत्तीमुळे रचना फार लांबेल अशी आधी शंका होती, परंतु अनेकदा ऐकल्यावर ती वगळणे हानिकारक ठरेल असे बीथोव्हेनचे मत झाले. असे असूनही विसाव्या शतकातील अनेक संचालकांनी ती वगळली. रूपबंध म्हणजे स्वरवाक्यांची कथा असे मानले की तीच कथा दोनदा सांगणे निरर्थक वाटते. द्विभाग रचनेचा तोल म्हणून पाहिले की ती अपरिहार्य वाटते. तसेच कोडाच्या अखेरच्या शिखरावर ट्रम्पेट मुख्य स्वरवाक्य सुरू करून मध्येच ते सोडतो. नंतरच्या काळात अनेक संचालकांनी ट्रम्पेटला संपूर्ण स्वरवाक्य देऊन ही जागा 'पूर्ण' केली. त्या काळच्या वाद्याची मर्यादा हे त्यामागील एक कारण सांगितले गेले; परंतु नायकाचा विजय निःसंदिग्ध ऐकू यावा, ही नायककेंद्री अर्थनिर्णयनाची अपेक्षाही त्यात होती. स्वतः मार्क्सने १८५९ च्या बीथोव्हेनविषयक ग्रंथात या सिम्फनीस नेपोलियनच्या रणभूमीचे चित्र मानले होते. अशा रीतीने अर्थनिर्णयनाने मूळ साधनातच बदल घडविला.

७. विसाव्या शतकातील पुनर्विचार

ब्रिटिश समीक्षक डॉनल्ड फ्रान्सिस टोव्ही (१८७५–१९४०) याने रूपबंधास साचा मानण्यास सातत्याने विरोध केला. हाइनरिख शेंकरने १९३० मध्ये 'एरोइका'चे प्रदीर्घ विश्लेषण प्रसिद्ध करून स्वरवाक्यांऐवजी खोलवरच्या स्वरसंवादास प्राधान्य दिले. अमेरिकन अभ्यासक लेनर्ड रॅटनर याने १९४९ मधील लेखात अठराव्या शतकातील ग्रंथांचा आधार घेऊन पट्टी हीच रूपबंधाची मूळ प्रेरणा असल्याचे दाखविले. चार्ल्स रोझेनच्या १९७१ च्या 'द क्लासिकल स्टाइल' या ग्रंथाने हा विचार व्यापक वाचकवर्गापर्यंत नेला. १९८० च्या ग्रंथास त्याने 'सोनाटा फॉर्म्स' असे अनेकवचनी शीर्षक दिले, हेही सूचक आहे. सुसान मॅक्लेरी हिने १९९१ मध्ये स्वरवाक्यांच्या स्त्री-पुरुष कल्पनेची चिकित्सा केली. मूळ पट्टीतील 'पुरुष' स्वरवाक्याने परक्या 'स्त्री' स्वरवाक्यास अखेरीस आपल्या पट्टीत आणणे, या कथेमागील सत्तासंबंध तिने उघड केले. विल्यम कॅप्लिन (१९९८) तसेच जेम्स हेपोकोस्की व वॉरन डार्सी (२००६) यांनी पुन्हा तपशीलवार सिद्धांत मांडले. पैकी हेपोकोस्की व डार्सी यांच्या विवेचनात रचना आणि तिच्या काळातील अपेक्षा यांच्यातील संवाद हे केंद्र आहे.

तथापि कॉखकडे परतणे म्हणजे अंतिम सत्याकडे परतणे, असे मानणे हीदेखील चूक ठरेल. कॉख शिकाऊ रचनाकारासाठी सर्वसाधारण रीत सांगत होता. हायडनच्या प्रतिभेचे किंवा दहा वर्षांनी येणाऱ्या 'एरोइका'चे स्पष्टीकरण त्याच्याकडे मागता येत नाही. शिवाय मार्क्सचा सिद्धांत १८४५ नंतरच्या रचनांसाठी स्वतःच एक ऐतिहासिक वस्तुस्थिती बनतो. १८५३ मध्ये पूर्ण झालेल्या बी मायनर सोनाटात लिस्टने अनेक खंडांचा सोनाटा आणि सोनाटा रूपबंध एकाच अखंड रचनेत गुंफला; ब्राम्सची पहिली सिम्फनी १८७६ मध्ये प्रथम वाजली. या पिढ्यांच्या हाती रूपबंधाचे नाव, नियम व बीथोव्हेनचे आदर्श आधीच होते. त्यांच्या रचनांत मार्क्सची परिभाषा कालविसंगत ठरत नाही.

८. निष्कर्ष

१. सोनाटा रूपबंध हा प्रथम नियम म्हणून ठरवून मग अमलात आणलेला आकार नव्हे. विविध केंद्रांतील व्यवहारातून तो घडला व त्याचे त्रिभाग, स्वरवाक्यकेंद्री वर्णन सुमारे अर्धशतकानंतर सिद्ध झाले.

२. हे वर्णन घडविण्यात संस्थात्मक संगीतशिक्षणाची गरज आणि बीथोव्हेनचा आदर्श यांचा मोठा वाटा होता. त्यामुळे हायडन व मोझार्ट यांच्या स्वाभाविक पद्धती 'अपवाद' ठरल्या.

३. रचनेतील संकेतभंग अर्थपूर्ण मानण्यापूर्वी तो संकेत त्या काळच्या रचनाकारास व श्रोत्यास ठाऊक होता काय, हे तपासले पाहिजे. समकालीन ग्रंथ, पत्रे, आठवणी आणि पुनरावृत्तीची चिन्हे ही त्याची साधने आहेत.

४. अर्थनिर्णयन तटस्थ नसते. 'एरोइका'तील वगळलेली पुनरावृत्ती व 'पूर्ण' केलेला ट्रम्पेट ही उदाहरणे दाखवितात की, सिद्धांत हा कलाकृतीचे श्राव्य रूपही बदलू शकतो.

म्हणून सोनाटा रूपबंधाचा अभ्यास करताना 'ही रचना नियमात बसते काय' या प्रश्नाऐवजी 'हा नियम कोणाचा, कोणत्या काळाचा व कोणासाठी' हा प्रश्न आधी विचारणे आवश्यक ठरते. संगीताच्या अध्यापनात आकृती फळ्यावर काढण्यास हरकत नाही. मात्र आकृतीखाली तिचे वर्षही लिहिले पाहिजे.